गाळावर बसवलेली मेंढरं

६ जानेवारी

पहिल्या पानावर देवाचे नाव लिहावे म्हणतात. माझे नावच प्रभू आहे, तेवढ्यावर भागले.

हिंगोलीत एसटी डेपोच्या मागे माझी माती तपासायची लॅब सुरू झाल्यापासून कामे काय मिळाली, तर कुणाच्या घराच्या पायाची माती, कुठे रस्त्याचा मुरूम. आज मात्र मोठा मासा गळाला लागला. सेनगाव रोडवरच्या खदानीचे मॅनेजर उत्तमराव स्वतः लॅबमध्ये आले. तिथे दगड फोडून वाळू करतात. ती वाळू धुतली की राखाडी गाळाचे पाणी उरते, ते मागच्या तळ्यात सोडतात. तळे आता काठोकाठ भरले आहे. कडेच्या जुन्या गाळावरच नवा बांध चढवून ते उंच करायचे आहे. त्यासाठी गाळ घट्ट बसला आहे असा रिपोर्ट हवा. घनता पंचाण्णव टक्के, त्याच्या खाली परवानगी नाही.

"जमंल ना साहेब?" उत्तमराव म्हणाले.

मला साहेब म्हणणारा हा पहिला मॅनेजर. न जमायला काय झाले? हे काम झाले की खदानीची सगळी तपासणी माझ्याकडे, असे ते जाताना बोलले.

९ जानेवारी

खदानीवर गेलो. लोखंडी नळकांडे जमिनीत ठोकायचे, मातीसकट उपटायचे, वजन करायचे, ओल काढायची, की घनता हातात. पण ठोकावे लागलेच नाही. ठेवले आणि आपल्या वजनानेच आत गेले. वर पापडासारखा वाळलेला थर, खाली पिठले. आकडा सत्तरच्या घरात आला.

उत्तमरावांनी कडेला रोलर घालून पाहिला. तो पोटापर्यंत रुतला, जेसीबीने ओढून काढावा लागला. मग त्यांचा सगळा राग माझ्यावर. "मला रिपोर्ट पाहिजे, तुमचं रडगाणं न्हाई. जमत नसंल तर नांदेडात लॅबा काय कमी हायेत?"

साहेबाचा तीन दिवसांत पोऱ्या झाला. जेवण गेले नाही.

१२ जानेवारी

आईचा हट्ट म्हणून तिला घेऊन शिरड शहापूरकडे मामाच्या वाड्यावर, म्हणजे रानातल्या मेंढरांच्या तळावर, गेलो. सटवाजीमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतो, ते पावसाळ्यापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या रानात. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात, बदल्यात ज्वारी देतात. मामी, म्हणजे नर्मदाबाई, आणि त्यांची मुलगी अंजली बरोबर असतात. मी बारावीनंतर त्या वासात पाय ठेवला नव्हता. आजही नाकाला रुमाल लावूनच बसलो. मामीने दुधाचा चहा दिला, तो मेंढीच्या दुधाचा आहे का ते आधी विचारले.

पण आज मेंढरांनीच मला तारले. निघताना गाडी पंक्चर निघाली, जॅक लावायला म्हणून जिथे कळप आठवडाभर बसला होता तिथे टाच मारून पाहिली. फरशीसारखी टणक जमीन! खुरांनी ठोकून ठोकून बसवलेली. आणि डोक्यात लखकन उजेड पडला. आमच्या पुस्तकात मेंढीच्या पायांचा रोलर म्हणून एक यंत्र आहेच. रोलर जड म्हणून रुततो. मेंढरू हलके, खूर बारीक. ते थोडेच रुतणार?

मामाला म्हटले, खदानीवर मेंढरं आणा, कंपनी भुसकट देईल, पाणी देईल.

"आरं, खडकावर खत टाकून काय उगवतंय?" मामा हसला.

"मामा, माझ्या कामाचं आहे."

मग मामाने एक शब्द विचारला नाही. येताना आई म्हणाली, "त्याच्या मनात अंजलीचं हाय. तू न्हाई म्हणू नको, निदान लगेच तरी." मी नाही म्हटले नाही. हो तरी कुठे म्हटले?

१६ जानेवारी

मामाचे बिऱ्हाड आले. घोड्यावर पाले, भांडी, कोंबड्या, आणि मागे दोनशेच्या आसपास मेंढरं. उत्तमराव आधी पोट धरून हसले. मी त्यांना पुस्तकातले चित्र दाखवले, तेव्हा हसू थांबले. "डोकं हाय साहेब तुम्हाला," म्हणाले. परत साहेब झालो.

कडेच्या पट्ट्यावर वाघर लावली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. रात्री मेंढरं बसतात, दिवसा अंजली त्यांना त्याच पट्ट्यावर इकडून तिकडे फिरवते. दहावी झालेली पोर, जिभेला हाड नाही. मला पाहून म्हणाली, "काय ओ, मेंढरांचा रोलर केला, आता मला डायवर केलं व्हय?"

सगळे हसले. उत्तमरावांसमोर मला ते आवडले नाही.

२१ जानेवारी

घनता ऐंशीच्या वर. मेंढरं चालू द्या.

२५ जानेवारी

आज मजेदार गोष्ट पाहिली. कळप फिरतो तिथे खुरांच्या ठशांत पाणी वर येते आहे. काल कोरडे होते तिथे आज चकाकते. पाय आपटला तर आजूबाजूची वीतभर जागा खरवसासारखी थलथलते. म्हणजे खालचे पाणी दाबाने वर निघते आहे, म्हणजेच खालचा गाळ कोरडा होतो आहे. कपडा पिळला की पाणी निघते, तसेच. उत्तमरावांना समजावून सांगितले, ते खूश झाले.

मामीची कटकट मात्र सुरू. "प्रभू, कोकरांच्या खुरात ओल धरून राह्यली. दोन लंगडत्यात. जागा बदलून दे ना बाबा."

मी म्हटले, "मामी, दहा दिवस कळ काढा. लेकीचं भलं होईल."

असे मी का बोललो कोण जाणे. तोंडातून गेले. मामीचा चेहरा असा उजळला की मला परत घेता येईना. तिने लगेच गूळ आणला. मेंढीच्या लोकरीचा एक धागा त्याला चिकटला होता. खाल्ला तरी.

३१ जानेवारी

फार पावसाळे न पाहताही मी जिंकलो. शहाण्णव टक्के!

नळकांडे वरच्या वीतभर थरात ठोकले, या वेळी खरोखर हातोडा मारावा लागला. नियमाने खोलवरचे नमुनेही घ्यायचे असतात. लांब पाइप तीन पुरुष खोल घालून काढायचे. पाइप गाडीवर होता. पण वरचा थर फुटला तर केलेल्या कामाची माती होईल असे वाटले. शिवाय वर शहाण्णव असेल तर खालचा गाळ वरच्याच्या वजनाने आणखी दाबलेला असणार, हे शेंबडे पोरही सांगेल. खोलीच्या रकान्यात मी सत्याण्णव लिहिले. थोडी धाकधूक झाली, नाही असे नाही. पण सही करताना हात एकदम सुरेख चालला.

३ फेब्रुवारी

रिपोर्ट वर गेला. उत्तमरावांनी पेढे दिले. मग म्हणाले, कडा तर झाल्या, आता मधला भागही घट्ट करून घ्या, म्हणजे पुढे मधूनच रस्ता काढता येईल, तुमचे मेंढके इथे आहेतच.

मधे पापड अजून पातळ आहे. तसे मी म्हणालोही. ते म्हणाले, "तुमच्याच रिपोर्टात सत्याण्णव हाय की. का खोटं हाय?"

 मामाला सांगितले, उद्या सकाळी मधे घाला.

मामा म्हणाला, "तू म्हणशील तसं. तुला त्यातलं समजतंय."

४ फेब्रुवारी

आज लिहवत नाही.

६ फेब्रुवारी

लिहिले पाहिजे, नाहीतर लोक सांगतील तेच मला आठवायला लागेल.

ऊन चांगले वर आले होते. मामा घोड्यावर पाणी आणायला गेला होता. अंजली काठावर भाकरी थापत होती. मामी कळप घेऊन मधे गेली, कारण मी बांधावरून हात करून सांगितले की अजून पुढे. पुढचा एडका थांबला. मामीने त्याला काठी लावली. त्याचे पुढचे पाय आत गेले, तो ओरडला, आणि मागची मेंढरं त्याच्याच दिशेने निघाली. एक गेले की सगळी जातात, ती त्यांची जातच. थर खालून फुटत गेला. मेंढरं ओरडत होती, मग ओरडत नव्हती.

मामी कमरेपर्यंत रुतली. दोन्ही हातांत एकेक कोकरू वर धरलेले. "प्रभू, काठी दे रं! काही तरी दे!"

लांब पाइप माझ्यामागे गाडीवरच होता. मी तो घेतला असता. पण तिथपर्यंत जायचे म्हणजे त्याच गाळावर पाय ठेवायचा. एका जागी दोन माणसे गेली असती, त्यात शहाणपण काय होते? गाळ पाण्याच्या दीडपट जड असतो, त्यात माणूस पूर्ण बुडू शकत नाही, हे मला पक्के माहीत होते. म्हणून मी ओरडून सांगितले, "मामी, हलू नका! काही होत नाही, हलू नका!"

आणि ती हलली नाही. मी सांगितले म्हणून एकदम स्तब्ध उभी राहिली, कोकरे वर धरून, माझ्याकडे बघत. मग मागचा थर फरशीसारखा तिरका झाला आणि गाळ मागून वाहत येऊन तिच्यावरून गेला.

माझे शास्त्र चुकले नव्हते. ती बुडाली नाही. तिच्यावर गाळ आला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अंजली पिठाच्या हातांनी धावत आली, तिला पंपावरच्या रामसिंगने धरून ठेवले. त्याच्या हाताला ती इतकी चावली की टाके घालावे लागले.

८ फेब्रुवारी

शोधणारी माणसे आली, दोर बांधून, फळ्या टाकून दोन दिवस राबली. गळ टाकला की मेंढरूच वर येते. आज त्यांनी सांगितले की गाळ वाळून मशीन उभे राहील तेव्हाच काही करता येईल. त्यांचा जीव धोक्यात घाला असे कोण म्हणणार?

उत्तमरावांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, दोनच गोष्टी असू शकतात. एक, तुमचा रिपोर्ट खोटा. मग तुम्ही आत. दोन, रिपोर्ट खरा, पण मेंढके तपासलेली जागा सोडून आपल्या मनाने पलीकडे गेले. "कोणती हाय, ते तुम्हीच सांगा साहेब."

दुपारी कडेच्या पट्ट्याला लाल झेंडे लावून घेतले. झेंडे आधीच लावायला हवे होते. लावले असते तर याच जागी लावले असते. त्यामुळे त्यात खोटे असे काही नाही.

९ फेब्रुवारी

पोलिसांसमोर जबाब झाले. मामाला काय सांगायचे ते मी काल समजावले होते. मला वाटले होते हातापाया पडावे लागेल. मामा फक्त म्हणाला, "तुझी नोकरी जाईल का रं?" मी म्हटले, नोकरी नाही मामा, जेल होईल.

आमच्यात भाचा पूज्य असतो. मामाने भाच्याच्या पाया पडायचे, भाच्याने नाही. त्याने तिथे सगळ्यांसमोर माझ्या पायाला हात लावला आणि जबाब दिला, "या लेकराचा काही दोष न्हाई. त्यानं नगं म्हणलं व्हतं. मीच घातली मेंढरं. हावऱ्यागत."

अंजली मधेच उठली. "खोटं! ह्योच हात करून राह्यला व्हता, अजून म्होरं, अजून म्होरं! मी पायलं!"

मामाने तिच्या कानाखाली मारली. मी त्याला आयुष्यात मेंढरावरही हात उगारताना पाहिले नव्हते. पोरगी खाली बसली. मामा म्हणाला, "दुःखानं डोस्कं फिरलंय तिचं. लिवू नका."

त्यांनी लिहिले नाही. मामा देवमाणूस आहे. मला रडू आले, खरेच आले.

१७ फेब्रुवारी

देह नाही म्हणून पिठाचा पुतळा करून मामीचे लुगडे त्याच्यावर घातले आणि अग्नी दिला. अंजली आली नाही. म्हणे, माय अजून तिथं आहे, पीठ कशाला जाळता.

उरलेली थोडी मेंढरं मामाने विकली. आता तो आमच्याच घरी ओसरीवर बसून असतो. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाही. आईला त्याचे फार लागले आहे. मलाही वाईट वाटते. पण घर लहान पडते हेही खरे.

४ मार्च

नवा बांध चढवायची परवानगी आली. माझ्या रिपोर्टाच्या जोरावर आली! एवढे सगळे होऊनही कागद टिकला. उत्तमरावांनी वर्षभराची सगळी तपासणी माझ्या लॅबला दिली.

एकच काटा आहे. अंजली बाजारात, पाण्यावर, कुणीही भेटले की सांगत सुटते. काल लॅबसमोर उभी राहून गिऱ्हाइकाला म्हणाली, "यांच्याकडून माती तपासू नका, माती होते."

उत्तमराव म्हणाले, "घरातली गोष्ट घरात ठेवा."

१० मार्च

आईने आज स्पष्टच विचारले. मी हो म्हणालो.

विचार करता करता पटत गेले. मामाच्या डोक्यावरचे ओझे उतरेल. मामीची इच्छा पुरी होईल. बायको नवऱ्याविरुद्ध गावात बोलत नाही, तिचेही मन थाऱ्यावर येईल. लोक म्हणतील, बिनआईच्या पोरीला पदरात घेतले. मला बारा ठिकाणी मुली सांगून येत असताना मी हे करतो आहे. स्वतःबद्दल असे लिहू नये, पण आज मला स्वतःविषयी बरे वाटले.

मामा भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ बसला.

१३ मार्च

वाटले होते अंजली थुंकेल. ती समोर येऊन बसली. महिनाभरात निम्मी झाली आहे, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

म्हणाली, "करते मी लग्न. तोंडबी उघडणार न्हाई, जन्मभर. पण माज्या मायला भायेर काढा. तुमचं तिथं चालतंय. हळद लागायच्या आत काढा. तिला माती देते, मग तुमी म्हणसाल तिथं सही बी देते."

"काढू," मी म्हटले. "मशीन येणार आहे."

"खरं?"

"खरं."

ती पहिल्यांदाच रडली. माझ्यासमोर, माझ्याच पायाशी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांना मेंढरांचा वास येत होता, की मला भास झाला.

२ एप्रिल

उत्तमरावांकडे मशीनचा विषय काढला. त्यांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "खणून काढायचं म्हणजे मधला गाळ उघडा करायचा. तिथली घनता काय हाय ते मग सगळ्यांला दिसंल. दाखवायची का?"

मी विषय बंद केला. बांध पुरा झाला आहे. मधे नवा गाळ सोडायला सुरुवात होते आहे. सावकाश सोडणार आहेत, बांधावर एकदम दाब नको म्हणून. तसे मीच सुचवले.

घरी सांगितले, मशीन नांदेडहून निघाले आहे.

१९ एप्रिल

परवा हळद. आज अंजली न सांगता खदानीवर आली. सेनगावच्या जीपने आली असेल. हातात हिरवा चुडा, आणि काखेत नवे लुगडे घडी करून आणलेले, मायच्या अंगावर घालायला.

बांधावर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. खाली पाइपमधून राखाडी गाळ मधोमध पडत होता. ती पाहत राहिली. 

"हे काहून सोडून राह्यले?" तिने विचारले. "काढायचं सोडून उलटं वतून राह्यले व्हय?"

रामसिंग धार कमीजास्त करायच्या पंपाच्या चाकावर हात ठेवून माझ्याकडे पाहू लागला.

मी म्हणालो, "खालचा गाळ वाळून दगड झालाय, अंजली. कुदळीनं काढला तर मामीच्या देहाला इजा होईल. म्हणून आधी वरून ओलं सोडून मऊ करायचं. मऊ झाला की अलगद वर येईल."

हे मला कुठून सुचले माहीत नाही. ऐकताना माझे मलाही बरोबर वाटले.

ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मी नजर हलवली नाही. मग तिच्या चेहऱ्यावरचा सगळा ताठा गेला, लहान पोरीसारखी दिसायला लागली. "व्हय," म्हणाली. "मायला लागाया नगं. अगुदर काहून न्हाई सांगितलं? मी उगं तुमाला वंगाळ बोलत राह्यले."

थोड्या वेळाने तिलाच धीर निघेना. "एवढ्याशा धारंनं कवा मऊ व्हयाचं? परवा तर हळद हाय." आणि चटकन खाली उतरून रामसिंगजवळ गेली. त्याच्या मनगटावर तिच्या दातांचा वण अजून आहे. लुगडे काखेत दाबून तिने चाकाला दोन्ही हात घातले. "दादा, पुरा सोडा की. मी लावते हात."

रामसिंगने परत माझ्याकडे पाहिले.

मी होकाराची मान डोलावली आणि खाली उतरून चाकाला हात लावला. तिघांत ते चाक लवकर फिरले.